देवास गेटचा मल्लखांब अन् निवडीची शिडी

उज्जैनच्या देवास गेटला बसमधून उतरणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक असावं म्हणून: बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईत नावारूपाला आणलेला मल्लखांब 2013 पासून मध्य प्रदेशचा राज्यखेळ आहे. उज्जैनच्याच योगेश मालवीय यांना 2020 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, अन् 2023 मध्ये खेलो इंडियाचा मल्लखांब इथंच रंगला.

निवडीची वाट जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय. फिगर स्केटिंगसारखंच इथंही घड्याळ नाही, पंचांचे गुणच बोलतात. अवघड पकड घेतली पण सफाई गेली, की दशांश गुणानं पोर घरी बसतं. पुरलेला, टांगता, दोरीचा असे प्रकार. एकातच तरबेज असून सहसा भागत नाही.

फरक वरच्या पायरीचा. स्केटिंग 1908 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा 2019 मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला झाली. ऑलिंपिकचं दार अजून बंदच.