नागार्जुनकोंड्याचें खोरें

विहीर खणावयाची झाली तर शेतकरी आधीं पाणाड्यास बोलावून जमिनीच्या पोटाची चौकशी करतो. सबंध खोरेंच पाण्याखालीं घालावयाचें असतां ही चौकशी कोणी, किती काळ व कोणत्या हिशेबानें करावी? हा प्रश्न कृष्णेच्या कांठीं १९५४ सालीं उभा राहिला.

आंध्र देशांत कृष्णेच्या उजव्या तीरावर, तीन बाजूंनीं नल्लमलैच्या डोंगरांनीं आणि चौथ्या बाजूनें नदीनें वेढलेलें हें नागार्जुनकोंड्याचें खोरें. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत इक्ष्वाकु राजांची राजधानी विजयपुरी ती येथेंच. १९२६ सालीं येथील अवशेषांचा शोध लागला, आणि १९२७ ते १९३१ या काळांत लाँगहर्स्ट यांनीं स्तूप व विहार उकरून काढले. त्या वेळीं हातीं आलें तें मुख्यतः बौद्धांचें वैभव. महाचैत्याचे लेख तर फारच मनोरम आहेत. राजे यज्ञयागांत गढलेले आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया भिक्षुसंघाला सढळ हातानें दान देणाऱ्या, असें त्यांवरून दिसतें. वीरपुरुषदत्त राजाची आत्या चांतिसिरी हिनें त्याच्या कारकीर्दीच्या सहाव्या वर्षीं महाचैत्याचें काम पुरें करविलें. एकाच वाड्यांत दोन धर्म सुखानें नांदत होते, ही गोष्ट आजच्या वाचकांसही विचार करण्याजोगी वाटेल.

पुढें धरण ठरलें. दुष्काळी मुलुखास पाणी हवें होतें. त्याविरुद्ध आम्हांस कांहींएक म्हणावयाचें नाहीं. उपाशी माणसाला शिलालेख दाखवून त्याची समजूत पटत नसते. प्रश्न एवढाच कीं, बुडवावयाचें तें काय आहे हें आधीं पाहावें कीं नाहीं.

पूर्वींच्या यादीवर भरंवसा ठेवून काम उरकणें सोपें होतें. ज्ञात असलेले स्तूप हलविले, छायाचित्रें घेतलीं, कीं झालें! सुदैवानें तसें घडलें नाहीं. १९५४ ते १९६० पर्यंत पुराणवस्तुसंशोधन खात्यानें आर. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखालीं सारें खोरें तपासलें, आणि शंभरांहून अधिक स्थळें उजेडांत आलीं. अश्मयुगांतील हत्यारांपासून मध्ययुगापर्यंतची वस्ती सांपडली. तटबंदी, नदीवरचे घाट, पायऱ्यापायऱ्यांची बैठक असलेलें प्रेक्षागार आणि कार्तिकेय, सर्वदेव इत्यादिकांचीं देवळें निघालीं. म्हणजे जें केवळ भिक्षूंचें क्षेत्र वाटत होतें तें एक भरलेलें नगर ठरलें. आभीर राजा वसुषेणाच्या तिसाव्या वर्षींचा, अष्टभुजस्वामीच्या स्थापनेचा लेखही याच वेळीं हातीं आला. नाशिकच्या लेण्यांत आभीर ईश्वरसेनाचा लेख आहेच. त्याच कुळाचें नांव इतक्या दूर कृष्णेकांठीं उमटावें, याचा आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष कौतुकाचा भाग आहे. यादीबाहेर कुदळ गेली नसती तर तो दगड आज पाण्याखालीं मुकाट पडून असता.

अर्थात् ही सहा वर्षें भूमीनें मागून घेतलेलीं नव्हतीं, तीं धरणाच्या वेळापत्रकानें दिलेलीं होतीं. १९५५ च्या डिसेंबरांत पंडित नेहरूंनीं कोनशिला बसविली तेव्हां खोदकाम चालूच होतें. निवडक नऊ वास्तु उचलून नव्यानें उभारल्या, इतरांच्या लहान प्रतिकृति केल्या. आज होडींतून टेकडीच्या बेटावर जाणारा प्रवासी तेथील संग्रहालय पाहतो. कांहीं वास्तु अनुपु येथें आहेत. पण दगड हलवितां येतो. त्याचा शेजार हलवितां येत नाहीं. विहारापासून घाटापर्यंत किती पावलें चालावें लागे, हें आतां नकाशावरूनच समजावयाचें.

म्हणूनच त्या नकाशांचें व टिपणांचें मोल दगडांहून अधिक आहे, असें आमचें मत आहे; आणि येथेंच आम्हांस खंत वाटते. १९६७ सालीं कालव्यांत पाणी सोडण्यांत आलें. उत्खननाच्या वृत्तांताचा पहिला खंड १९७५ सालीं छापून आला. राजधानीचा ऐतिहासिक काळ ज्यांत आहे तो दुसरा खंड निघाला २००६ सालीं. तोंपर्यंत कालव्यांचें पाणी शेतांतून खेळूं लागल्यास एकोणचाळीस वर्षें झालीं होतीं.