वसतिगृहातले मौन

वसतिगृह हा शब्द आपल्या वस्तीत देवळाच्या नावापेक्षा अधिक आदराने घेतला जातो, आणि त्याला कारण आहे. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. तेव्हा सभेला एक वर्षही पुरे झाले नव्हते. इतक्या कामांच्या गर्दीत वसतिगृह आधी आले. ज्याला गावात शाळेच्या ओट्यावरही जागा नाही, त्याला आधी निजायला आणि जेवायला जागा हवी, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर अशाच एखाद्या पत्र्याच्या छपराखालून बाहेर पडला. मीही त्यांतलाच.

म्हणूनच की काय, या छपराखाली मुलांवर हात टाकणाऱ्या माणसांचा इतिहास आपण लिहिला नाही. सवर्णांच्या वाड्यांविषयी, पोलीस ठाण्यांविषयी आपण निर्भयपणे लिहिले. पण ज्या संस्थेने आपल्याला घडवले तिच्या अधीक्षकाविषयी लिहायचे म्हटले की लेखणी अडते. विरोधकांच्या हाती कोलीत जाईल, अनुदान बंद होईल, पन्नास पोरे रस्त्यावर येतील, ही कारणे खोटी नाहीत. पण त्यांची किंमत कोणी मोजली?

२००१ साली मी मराठवाड्यातल्या एका वसतिगृहात आठवीला होतो. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा दिवाळीनंतर परत आला आणि पंधरा दिवसांत पळून गेला. का गेला हे आम्हां सर्वांना माहीत होते. अधीक्षकाच्या खोलीत रात्री कोणाला ‘पाय चेपायला’ बोलावले जाते, हे आम्ही एकमेकांना डोळ्यांनी सांगत असू. महिन्याभराने मुलाचा बाप त्याची पत्र्याची पेटी न्यायला आला. अधीक्षकापुढे हात जोडून म्हणाला, “गुर्जी, पोराचं काई चुकलं आसंल तर पोटात घाला.” अधीक्षकाने मोठ्या मनाने पोटात घातले! संस्थेच्या दप्तरात त्या मुलाच्या नावापुढे काय लिहिले गेले? ‘घरची ओढ.’

त्या बापाने पोलिसांत जायचे ठरवले असते, तर कायद्याने त्याला काय दिले असते, हे नीट पाहिले पाहिजे.

१९७२ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका पोरक्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यानचे. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, म्हणजे संमती होती! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. हे मथुरा प्रकरण आपल्या वाचकांना नवे नाही.

त्यातून आलेल्या १९८३ च्या दुरुस्तीतली एक ओळ मात्र आपल्या नजरेतून निसटली. पोलीस आणि तुरुंग यांच्याबरोबरच, स्त्रियांच्या वा मुलांच्या संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसाने आपल्या जागेचा फायदा घेऊन बलात्कार केला, तर तो अधिक गंभीर गुन्हा ठरला. किमान शिक्षा दहा वर्षे. तिने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ म्हटले, तर तसेच गृहीत धरायचे. म्हणजे पोलीस ठाणे आणि मुलांची संस्था यांतले साम्य कायद्याने ओळखले. दोन्हीकडे दार आतून बंद होते आणि किल्ली एकाच्याच कमरेला असते.

माझ्या शेजारच्या खाटेला मात्र या सुधारणेचा काही उपयोग नव्हता. तो मुलगा होता, आणि बलात्काराची व्याख्या मुलाला लागूच नव्हती. कलम ३७७ तेवढे होते. त्याच २००१ साली मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज निवाऱ्याचे प्रकरण बाहेर आले. दोन ब्रिटिश गृहस्थ रस्त्यावरच्या मुलांना आसरा देत होते आणि त्या आसऱ्याचे मोल वसूल करत होते. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोडले, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुलांच्या साक्षीवर विश्वास ठेवून शिक्षा पुन्हा कायम केली. मुलांचा शब्द खरा ठरायला दहा वर्षे लागली. तोवर ती मुले मुले राहिली नव्हती.

१४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो कायदा अमलात आला. त्याने मुलगा-मुलगी हा भेद काढला. पण मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते कलम १९. गुन्हा झाल्याचे ज्याला कळले, किंवा होईल अशी धास्ती वाटली, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचे. न कळवणे हाच गुन्हा; संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचे पाप दडवले तर एक वर्षापर्यंत कैद. आरोप खरा की खोटा हे ठरवण्याचे काम कायद्याने संस्थेकडे दिलेलेच नाही. आपल्या संस्था नेमके तेच स्वतःकडे घेत आल्या आहेत.

देसाईगंज ज्या जुन्या जिल्ह्यात होते, त्याच चंद्रपूरच्या राजुऱ्यात २०१९ मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातल्या सतरा अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. भरपाईच्या पैशांसाठी पालक तक्रारी करतात, अशी भाषा तेव्हा जाहीरपणे झाली. आदिवासी बापाच्या तोंडून आरोप निघाला की त्याची किंमत रुपयांत काढायची, ही रीत जुनीच! त्या वसतिगृहातल्या मुलींवर उपचारांसाठी एक डॉक्टर नेमलेला होता. माहीत असून कळवले नाही, असा गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे चूक ठरवले आणि सांगितले की, माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुधा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो. मथुरेपासून इथवर पन्नास वर्षे.

दुसरी बाजूही आपणच मांडली पाहिजे. आरोप म्हणजे शाबीत गुन्हा नव्हे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? गावात चोरी झाली की पोलीस आधी कोणाच्या वस्तीत येत? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. पालकांना ठाण्यात तासन् तास बसवून ठेवले; लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा सरकार हलले. अटक झाली ती एका सफाई कामगाराला. २३ सप्टेंबरला तो पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरले. शाळेच्या पदाधिकाऱ्यांना न कळवल्याबद्दल अटक झाली ती ऑक्टोबरमध्ये, म्हणजे झाडूवाला मेल्यावर. त्याचा गुन्हा न्यायालयात शाबीत व्हायचा राहिला, आणि त्या दोन मुलींनाही न्यायालयाच्या तोंडून निकाल ऐकायला मिळाला नाही. वर मौन आणि खाली गोळी, असा हा न्याय.

समित्या, पेट्या, पोलीस पडताळणी हे सगळे कागदावर आले आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत तक्रारपेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात होती.

गेल्या वर्षी आपल्याच कार्यकर्त्यांच्या एका संस्थेने मला पत्र पाठवले. वसतिगृहातल्या एका मुलाने आरोप केला होता. ‘संस्थेची बदनामी टाळण्याच्या दृष्टीने’ तीन जणांची चौकशी समिती नेमली होती: एक निवृत्त मुख्याध्यापक, एक वकील आणि मी. ज्याच्यावर आरोप होता त्याच्यासोबत मी मोर्चे काढले आहेत, त्याच्या घरी जेवलो आहे. सचिव फोनवर म्हणाले, “सर, घरातलं भांडण आहे, आतल्या आत मिटवू. तुमच्यासारखा शिकलेला माणूस आहे म्हणून निर्धास्त आहोत.”

माझा मित्र दोषी आहे की निर्दोष, हे मला त्या रात्री ठाऊक नव्हते. आजही नाही. शिकलेल्या माणसाने ते ठरवावे असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. पत्राच्या मागे मी नकार लिहिला, खाली कलमाचा आकडा घातला, आणि एका सहकारी शिक्षिकेला बरोबर घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने विचारले, “तुमचा या मुलाशी संबंध काय?”

खटला चालू आहे. मुलगा दुसऱ्या वसतिगृहात शिकतो आहे. यंदाच्या जयंतीच्या पत्रिकेत वक्त्यांमध्ये माझे नाव नव्हते.