अध्यक्षाविना सभा

माझा जन्म गेट-सभांत गेला. दोनशे माणसे एकदम बोलू लागली म्हणजे काय होते, ते मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणूनच हवाई बेटांतील 'अलोहा' जाळ्याची हकीकत वाचताना हा प्रश्न मला ओळखीचा वाटला.

हवाई विद्यापीठाचे मोठे गणकयंत्र ओआहू बेटावर, आणि महाविद्यालये इतर बेटांवरही विखुरलेली. टेलिफोनच्या तारा महाग, शिवाय बेभरवशाच्या. तेव्हा नॉर्मन अब्रॅमसन ह्या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांसह १९६८ साली बिनतारी मार्गाचे काम हाती घेतले, आणि जून १९७१ मध्ये जाळे चालू झाले. (फळीवरून लाटांवर स्वार होण्याची ओढ ह्या गृहस्थांना तिकडे घेऊन गेली, असे सांगतात!)

अडचण अशी की, टोकाची सारी यंत्रे एकाच लहरीवर बोलणार. पाळीपाळीने विचारावे, तर ज्याला काही सांगायचे नाही त्याच्यावरही वेळ खर्च. अब्रॅमसनांनी पाळीच काढून टाकली. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. ऐंशी अक्षरांपर्यंतची एक पुडी सोडावी. मध्यवर्ती यंत्राला दंतकथांतील ठेंगू कारागिरांवरून 'मेनेहुने' नाव होते. ते पुडी तपासून निराळ्या लहरीवर पोच देई. दोन पुड्या हवेत आदळल्या, तर पोच नाही. मग थोडे थांबून पुन्हा पाठवायचे. खुबी ह्या 'थोडे'त आहे. दोघे सारखेच थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेली. म्हणून किती थांबायचे, ते प्रत्येकाने जणू फासे टाकून ठरवायचे.

ह्या मोकळिकीची किंमत जबर होती. गणिताप्रमाणे अशा मार्गाचा फार तर १८ टक्के भाग कामी येतो. बोलणारे वाढले की टकरी वाढतात, टकरींमुळे पुन्हा पाठवणे वाढते, आणि अखेर कोणाचेच धड पोचत नाही. १९७२ साली लॉरेन्स रॉबर्ट्स ह्यांनी सुचवले: बोला केव्हाही, पण आरंभ घड्याळाच्या ठोक्यावरच करा. एवढ्याने मर्यादा दुप्पट, सुमारे ३७ टक्के झाली. शिस्त म्हटली की आमच्या लोकांच्या कपाळाला आठी पडते, कारण ती बहुधा वरून आलेली असते. इथे ठोका सर्वांना सारखा. कोणाचा मान आधी, हा प्रश्नच नाही.

जीएसएम पद्धतीच्या मोबाईलची टॉवरला जाणारी पहिली हाक ह्याच ठोक्याच्या रीतीने जाते. ती ऐकू गेली, की टॉवर अध्यक्ष होतो आणि पाळ्या वाटतो. जत्रेच्या गर्दीत खुणेच्या पट्ट्या भरलेल्या दिसूनही फोन लागत नाही, तेव्हा ह्या पहिल्या हाकाच एकमेकींवर आदळत असण्याचा संभव असतो.