कंटिन्युअस कास्टिंग: पोलादाच्या कवचातला ताण कॉम्प्युटरवर कसा काढतात?

पोलाद कारखान्यात 1500 अंशांच्या वर तापलेला रस तांब्याच्या, तळ नसलेल्या साच्यात सतत ओतला जातो. साच्याच्या भिंतींमधून थंड पाणी खेळवलेलं असतं. दुधावर साय धरते तसं रसाभोवती घट्ट कवच धरतं आणि खालचे रोलर ते ओढत राहतात. साच्यात रसाची उंची 80 सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला 1 मीटर धरला, तर कवच धरायला फक्त 48 सेकंद मिळतात. साच्याबाहेर पडताना ते साधारण 15-20 मिलिमीटर जाड असतं. आत अजून रसच. ते फाटलं की रस खाली रोलरवर सांडतो. याला ब्रेकआउट म्हणतात. मशीन बंद पडतं ते वेगळंच, माणसांच्या जिवावर बेततं.

चालू साच्यात आतून ताण मोजता येत नाही, म्हणून मॉडेल.

आज माझं काम वेब सॉफ्टवेअरचं, पण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट हाच होता. पूर्ण यंत्र कॉम्प्युटरवर उभं करायची गरज नसते. स्लॅबचा एक पातळ आडवा काप घ्यायचा आणि तो स्लॅबबरोबर खाली सरकतोय असं धरायचं. त्या कापाचे छोटे छोटे तुकडे पाडून दर क्षणाला प्रत्येकाचं तापमान काढायचं. सोपं वाटतं ना? मी इथेच आपटलो.

पोलाद गोठताना किलोमागे सुमारे 270 किलोजूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो. एवढी उष्णता काढून घेतली तर आधीच घट्ट झालेलं पोलाद जवळपास 400 अंशांनी थंड होईल! गोठण्याची तापमानपट्टी मात्र अरुंद असते. माझी टाइम स्टेप मोठी होती, त्यामुळे काही तुकडे एका उडीत ती पट्टी ओलांडून गेले आणि त्यांचा अप्रकट उष्मा हिशोबातच आला नाही. आलेख झकास दिसत होता, पण कवच खऱ्यापेक्षा जाड येत होतं. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. नंतर तापमानाऐवजी एन्थाल्पी, म्हणजे तुकड्यातली एकूण उष्णता, हेच मुख्य चल धरलं, तेव्हा हिशोब जुळला.

आता ताण. बाहेरचा थर आधी थंड होतो, म्हणून ताण तिथेच पडेल असं वाटतं. पण तो आधीच आकसून बसलेला असतो. आतला थर उशिरा गोठतो, उशिरा आकसतो, आणि बाहेरचा कडक थर त्याला आकसू देत नाही. त्यामुळे साध्या बाबतीत पृष्ठभागावर दाब आणि आत खेच निर्माण होते. वायनर आणि बोली यांनी 1963 साली अशा गोठणाऱ्या पट्टीचं गणिती उत्तर काढलं. कास्टिंगचे नवे प्रोग्रॅम आजही त्यावर ताडून बघतात. ही खेच गोठणीच्या रेषेजवळ घातक ठरते, कारण तिथे स्फटिकांच्या मध्ये अजून रसाचा पातळ थर असतो आणि पोलाद जवळजवळ ताणलंच जात नाही, सरळ तडकतं. शिवाय एवढं तापलेलं पोलाद स्प्रिंगसारखं वागत नाही, ते हळूहळू सरकतं. म्हणून ताण किती हे विचारताना तो किती वेगाने आला हेही धरावं लागतं.

सगळ्यात किचकट भाग कोपऱ्यांचा. कोपरा दोन बाजूंनी थंड होतो, लवकर आकसतो आणि साच्यापासून सुटतो. मध्ये फट पडली की उष्णता नीट जात नाही, कवच तिथे गरम आणि पातळ राहतं. थोडक्यात, तापमानावर आकसणं ठरतं, आकसण्यावर फट आणि फटीवर पुन्हा तापमान! दोन्ही गणितं एकदाच ओळीने सोडवून चालत नाही. उत्तर स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवावी लागतात.

ही फट भरून काढायला साचा खाली किंचित निमुळता ठेवतात, मीटरमागे साधारण 1 टक्का. कमी पडला तर फट, जास्त झाला तर कवच घासतं आणि साचाही झिजतो. त्यात 0.1 टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं पोलाद गोठल्या गोठल्या स्फटिकरचना बदलतं आणि इतरांपेक्षा जास्त आकसतं. म्हणून एका ग्रेडसाठी काढलेला निमुळतेपणा तसाच दुसऱ्याला लावता येत नाही. ग्रेड बदलला की मॉडेल पुन्हा चालवायचं.