बरणीतला समुद्र

आधी खुलासा. हा खंडाळा बोरघाटातला नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की शिरवळ मागे पडतं आणि खंबाटकी घाट चढायच्या आधी जो लागतो, तो आमचा. इथे समुद्र म्हणजे शाळेची सहल. पण पोवळं मात्र सगळ्यांना ठाऊक. कुणाच्या अंगठीत मंगळासाठी बसवलेलं, कुणाच्या मंगळसूत्रात ओवलेलं. माझ्या आजीच्या मते ते माणकासारखंच एक रत्न, म्हणजे दगड.

गेल्या उन्हाळ्यात मामेभावाने मला फोनवर एक रील दाखवलं. काचेच्या टाकीत जांभळी-हिरवी प्रवाळं डोलत होती. "दादा, आपल्या हॉलमध्ये बसेल की ही!" त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसलो, आणि थेट दोन हजार वर्षं मागे गेलो.

पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासपुस्तक आहे. त्यात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळं आहे, आणि त्या बंदराशी व्यापार करणाऱ्या गावांत आपलं पैठण आहे. रोमन लेखक प्लिनी म्हणतो, आमच्या बायकांना मोत्यांचं जेवढं वेड, तेवढं भारतातल्या पुरुषांना पोवळ्याचं. हे लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. हजारो मैल येताना ते पूर्ण मेलेलं, वाळलेलं, घासून गुळगुळीत केलेलं असे. आजीला ते दगड वाटलं यात तिची काय चूक? युरोपातल्या पंडितांनाही ते कधी दगड वाटायचं, कधी झाड.

ते जिवंत बघायची युक्ती साधीच निघाली: बरणी. लुइजी मार्सिली हा इटालियन सरदार. लढाईत किल्ला शत्रूच्या हाती दिला म्हणून सैन्यातून अपमानित होऊन बाहेर पडलेला. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर फिरताना, 1706च्या डिसेंबरात, त्याने पोवळ्याच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवल्या. काही वेळाने फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमलली. बाहेर काढलं की गायब, पाण्यात ठेवलं की पुन्हा हजर. फूल आहे म्हणजे झाड आहे, असा निकाल त्याने दिला आणि विद्वानांनी तो आनंदाने मानला.

पेसोनेल नावाचा मार्सेलचा तरुण डॉक्टर मात्र मानेना. 1720च्या दशकात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याने तीच भांडी मांडली आणि फुलांना त्रास देऊन पाहिला. हात लावला की ती आक्रसत. मेली की त्यांना सडक्या मांसाचा वास येई. ही फुलं नव्हेत, प्राणी आहेत, असं त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. तिथल्या रेओम्यूर या बड्या शास्त्रज्ञाला हे इतकं हास्यास्पद वाटलं की सभेत मांडताना त्याने लेखकाचं नावच घेतलं नाही. बिचाऱ्याची अब्रू वाचावी म्हणून! पुढे 1740च्या दशकात अकादमीला आपली चूक कळली, पण तोवर पेसोनेल अटलांटिकपलीकडच्या ग्वादलूप बेटावर जाऊन राहिला होता.

बरणीत प्रवाळ दिसलं, पण जगत नसे. का, ते हळूहळू उमगलं. उथळ, उबदार समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि यजमानाला देतं. पाणी तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं. म्हणून टाकीत उजेड तीव्र हवा, तापमान 24 ते 27 अंशांत हवं. सांगाडा बांधायला लिटरमागे सुमारे 420 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. मीठ लिटरला सुमारे 35 ग्रॅम. म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो, आणि तेही स्वयंपाकघरातलं नव्हे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. त्यामुळे रोज भर घालायची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याची. आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीत आठवड्यात पांढरा थर बसतो, ते इथे चालणार नाही. 1960च्या आसपास जकार्तातल्या ली चिन एंग यांनी जिवंत जीवजंतूंनी भरलेले समुद्रातले खडक टाकीत घातले आणि हवेचे बुडबुडे सोडले. घाण पचवायचं काम त्या जंतूंनी केलं. आजची घरगुती टाकी बरीचशी त्यांचीच लेक. पण लाइट गेली की पाणी थांबतं, आणि रात्रीत प्राणवायू संपू लागतो. मेमध्ये आमच्याकडे लाइट कशी जाते, ते मामेभावाला सांगायची गरज नव्हती.

एवढं सगळं जमलं तरी एक भिंत राहतेच. 2001 साली भारताने कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली. त्याच यादीत वाघ आहे. समुद्रातून काढणं, विकणं, परवानगीशिवाय बाळगणं, सगळा गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं. रीलमधली टाकी बहुधा परदेशातली असते. हे कळल्यावर मामेभाऊ चिडला. "शेळी पाळायला चालते, पोवळं पाळायला नाही?" प्रश्न अगदीच वेडा नाही. टाकीत तोडून वाढवलेलं प्रवाळ समुद्राला ओरबाडत नाही. पण बाजारात तुकडा आला की तो टाकीतला की मालवणच्या खडकावरचा, हे ओळखणार कोण? मला कायद्याचं म्हणणं पटतं, थोडं नाइलाजाने.

कारण महाराष्ट्राकडे प्रवाळं आहेत, आणि थोडीच आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची, जिथे 1987 पासून मालवणचं सागरी अभयारण्य आहे. आणि चक्क मुंबईत, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर. कोस्टल रोडच्या वाटेत आली म्हणून 2020 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांतल्या अठरा वसाहती वन खात्याच्या परवानगीने उचलून दुसरीकडे बसवल्या. घरातल्या टाकीत तुकडा चिकटवतात तसंच हे काम, फक्त बरणी अरबी समुद्राची, आणि गढूळ.

मामेभावाने शेवटी गोड्या पाण्याची टाकी घेतली. गप्पी मासे आहेत, बोअरच्या जड पाण्यात मजेत. मी आजीला सांगितलं की तिच्या गळ्यातले मणी म्हणजे प्राण्याची हाडं आहेत. तिने मणी बोटात धरून बराच वेळ पाहिले. मग विचारलं, "माशासारखं? मग मी चातुर्मासात घालते ते?"

मला उत्तर आलं नाही.