चिखलाचा गाडीवान : 'नवनाथ भक्तिसारा'चे पुनर्वाचन

मालुकवीचा 'श्रीनवनाथ भक्तिसार' हा ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ साली पूर्ण झाला. पेशवाईचा अस्त होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. चाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ पारायणाच्या निमित्ताने घराघरांत पोचला. वडीलधारी मंडळी फलश्रुतीवर श्रद्धा ठेवून तो वाचीत. शेजारी बसलेली मुले मात्र त्यातील भस्माची चिमूट, अस्त्रांची झुंज आणि शाबरी विद्येचे मंत्र यांत रंगून जात. उमलत्या वयातील श्रोत्यांच्या दृष्टीने ती एक दीर्घ अद्भुतकथाच होती. प्रौढपणी हा ग्रंथ पुन्हा उघडला, की चमत्कारांमागे दडलेली एक नैतिक अस्वस्थता प्रथमच जाणवते.

गहिनीनाथांच्या जन्माची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. गुरूने दिलेला संजीवनी मंत्र गोरक्ष घोकीत बसला आहे. गावची मुले चिखलाची गाडी करून खेळत आहेत. गाडीवान काही त्यांना साधत नाही. तो करून देण्याचा हट्ट ती गोरक्षाजवळ धरतात. हात चिखलात आणि ओठांवर मंत्र, अशा अवस्थेत पुतळा सजीव होतो. मुले भूत समजून पळत सुटतात. करभंजन नारायणाचा अवतार तेथे व्हायचाच होता, असे कवी सांगतो खरे; परंतु प्रसंगाचा कस लागतो तो पुढे. मच्छिंद्रनाथ त्या मातीच्या जिवाचा नाश करीत नाहीत. त्याला दूध मिळते, नाव मिळते, पालक मिळतात. अनवधानाने उच्चारलेल्या शब्दाचे पालकत्व उच्चारणाऱ्याच्या परंपरेने पत्करले. याच गहिनीनाथांपासून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांपासून ज्ञानदेवांना उपदेश लाभला, अशी गुरुपरंपरा ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सांगितली आहे.

उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कुमारांसाठी लिहिलेल्या कादंबरीतही असाच प्रसंग आहे. तेथे गेड हा तरुण गर्वाच्या भरात मंत्र उच्चारतो आणि एक छाया जगात येते. अखेरीस तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. गोरक्षाच्या हातून घडते ते अनवधानाने, गेडच्या हातून घडते ते अहंकाराने. हा भेद मोठा आहे. तरीही विद्येच्या धोक्याचा धनी तो विद्यावंतच, हा निवाडा दोन्हीकडे सारखाच आहे. म्हणूनच मालुकवी सिद्धांनाही सोडत नाही. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंततात, सोन्याच्या विटेचा मोह त्यांना आवरत नाही, आणि त्यांना जागे करायला शिष्यालाच यावे लागते.

हा निवाडा आजही किती निकडीचा आहे, हे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसरातील मरोद्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकाला अधिक तीव्रतेने उमगावे. 'भक्तिसारा'तील भर्तृहरी त्या प्रदेशात 'भरथरी' या लोकगाथेचा नायक आहे. सुरुजबाई खांडे यांच्या गायनाने ती गाथा दूरवर पोचली. परंतु त्याच भूमीत 'टोनही' ठरवून स्त्रियांचा छळ होत आला आणि तो रोखण्यासाठी छत्तीसगढ शासनाला २००५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रातही जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, अस्तित्वात आला.

गावात मूल दगावले वा गुरे मेली, की लोकभय एखाद्या एकाकी, दुबळ्या स्त्रीकडे बोट दाखवते. 'भक्तिसारा'त दोषाचा शोध सामर्थ्यवानापाशीच येऊन थांबतो. मंत्राचे फळ मिळवून देणारा ग्रंथ म्हणून तो वाचणाऱ्यांच्या नजरेतून ही बाजू बहुधा निसटली, आणि वाङ्मयेतिहासकारांनीही तिच्याकडे पुरेसे लक्ष पुरविले नाही. पळून गेलेल्या मुलांना त्या चिखलाच्या गाडीवानात भूत दिसले होते. मच्छिंद्रनाथांना दिसले ते भुकेले मूल.