दुग्धवलय चाचणी

गाई-म्हशींच्या कळपात ब्रुसेलोसिस (सांसर्गिक गर्भपात) शिरला आहे का, हे दुधावरून पाहण्याची स्वस्त व झटपट चाचणी. जर्मनीत फ्लाइशहाउअर यांनी ती १९३७ मध्ये मांडली. रक्त काढावे लागत नाही, म्हणून दूध संकलन केंद्रावरही ती करता येते.

कृती : साय न काढलेले १ मिलि. दूध अरुंद नळीत घेऊन त्यात ०.०३ मिलि. रंगीत प्रतिजन (हिमॅटॉक्सिलीनने रंगवलेले मृत ब्रुसेला जंतू) मिसळतात व नळी ३७° से. तापमानात तासभर ठेवतात. दुधात प्रतिपिंडे असल्यास जंतूंचे पुंजके होतात, स्निग्धकणांना चिकटतात आणि सायीबरोबर वर येतात. वर गडद निळे कडे व खाली पांढरे दूध म्हणजे चाचणी होकारी. साय पांढरी व दूध निळसर म्हणजे नकारी. दोहोंच्या सीमेवर नुसती निळी रेघ दिसली तरी नमुना होकारीच धरावा. मध्येच नळी हलवून पाहण्याचा मोह टाळावा, कडे विस्कटते.

दूध गोठवलेले, ४५° से.च्या वर तापवलेले किंवा घुसळलेले नसावे. चीक, दगडी झालेल्या कासेचे दूध आणि नुकतेच झालेले लसीकरण यांमुळे फसवे कडे उमटते. मोठ्या कळपाच्या एकत्रित दुधात असा दोष विरून जातो, दोन-तीन गाईंच्या गोठ्यात नाही. आपल्याकडचे बहुतेक गोठे याच आकाराचे, म्हणून एका गोठ्यापेक्षा गावच्या संस्थेच्या कॅनमधील दूध तपासणे अधिक उपयोगी. कॅन होकारी निघाला की घरोघरच्या जनावरांचे रक्तजल रोझ बेंगॉल चाचणीने तपासतात : काचपट्टीवर रक्तजल व गुलाबी प्रतिजन समप्रमाणात मिसळून ४ मिनिटांत गुठळ्या दिसतात का, ते पाहायचे. दोन्ही चाचण्या चाळणीच्या आहेत. एकट्या वलयावरून एखाद्या गाईला रोगी ठरवू नये.

शेळी-मेंढीच्या दुधाला ही चाचणी लागू पडत नाही. रोगाचा इतिहास मात्र शेळीपासूनच उलगडतो : डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केला आणि तो शेळीच्या दुधातून येतो, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांनी दाखवले. गाईतील जंतू बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये ओळखला.

माणसातील रोग : चढउताराचा ताप, घाम, सांधेदुखी. कच्च्या दुधातून, तसेच गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढताना लागण होते.

नियंत्रण : सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना एकदाच लस टोचतात. होकारी जनावराचे पुढे काय करावे, याबाबत राज्याराज्यांतील कायदे वेगवेगळे आहेत.